गोडाला तिकीट

गोड खायला तिकीट लागते, हे परभणीकराच्या गळी उतरवणे अवघड. आमच्याकडे फेब्रुवारीत हजरत तुराबुल हक यांचा उरूस भरतो. आकाशपाळणा खालून फुकट बघावा, हलवा-पराठा घ्यावा, उभ्यानेच संपवावा; झाली आमची पार्टी!

फ्लोरिडातल्या मॅजिक किंगडममध्ये मात्र 'डेझर्ट पार्टी' असते. उद्यानाचे तिकीट वेगळे. वर माणशी शंभर डॉलरच्या आसपास मोजायचे, केक-पेस्ट्री हव्या तेवढ्या खायच्या आणि राजवाड्यावरची आतषबाजी बघायची. आता पोट ते केवढे! वसुलीला बसलेला माणूस चौथ्या पेस्ट्रीलाच घामाघूम होतो. शिवाय तीच आतषबाजी बाहेरच्यांना जादा पैसे न देता दिसते.

मग सगळाच बुडीत व्यवहार? तसेही नाही. तिथे विकतात ती जागा. गोड आपले निमित्ताला. आजीचे गुडघे दुखत असतील, नात खांद्यावर पेंगत असेल, तर गर्दीत ताटकळण्यापेक्षा राखीव जागा स्वस्तच म्हणायची. धडधाकट माणसाने मात्र पैसे खिशातच ठेवावेत. पंगतीत आग्रह दुसऱ्याने करायचा असतो. पावतीकडे बघत स्वतःच स्वतःला आग्रह करण्यात कसली आली गोडी?