विणेचा भोपळा आणि विणेकऱ्याचा खांदा

वाद्याची पारख आपण कानाने करतो. ते पेलणाऱ्या शरीराचा विचार सहसा होत नाही. वारकरी विणेचे परीक्षण या दुसऱ्या बाजूनेही व्हायला हवे.

हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. या परिसरात गावोगाव सप्ताह होतात. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. पहारा बदलला की ती एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. विणेकरी बहुधा वयस्क असतो आणि तो उभा असतो. वीणा मात्र घडणीने बैठकीच्या तंबोऱ्याची धाकटी बहीण आहे. दोष इथेच आहे.

आधी गुण पाहू. घोडीच्या किंचित बाकदार माथ्यावरून तार हलकेच निसटते, त्यामुळे जवारीचा भरलेला झंकार मिळतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली दाखवले की, अशा घोडीमुळे नियमाप्रमाणे गैरहजर असायला हवेत असे उपस्वरही ऐकू येतात. घडणीच्या या भागात बदल सुचवण्याचे धाडस कोणी करू नये.

भोपळ्याचे तसे नाही. ‘भोपळा आवाज वाढवतो’ असे आपण वर्गात सांगतो, ते अपुरे आहे. भोपळा ऊर्जा निर्माण करत नाही. बारीक तार फारशी हवा हलवू शकत नाही, रुंद तबली हलवते. म्हणजे तारेची ऊर्जा लवकर बाहेर पडते. आवाज मोठा होतो, पण लवकर विरतो.

इलेक्ट्रिक गिटारला ही अडचण नाही. तिथे तारेची कंपने चुंबक व तारेचे वेटोळे टिपतात, म्हणून अंग भरीव चालते आणि आकार वादकाच्या सोयीने देता येतो. १९५४ च्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरमध्ये बरगड्या टेकतात तिथे लाकूड खोलगट केले आणि वरचे शिंग लांबवून पट्टा दांडीच्या बाजूला नेला. त्यामुळे दांडी खाली झुकत नाही.

विणेला पोकळ अंग हवेच. पण ते किती मोठे? टाळ-मृदंगाच्या गजरात तिचा स्वर जवळ उभ्या असलेल्यांपुरताच पोहोचतो. मग मोठा भोपळा आणि जड नक्षी कशासाठी? समजा, वीणा २ किलोची आहे आणि तिचा गुरुत्वमध्य आधारापासून १५ सेंटिमीटर पुढे आहे. तर खांद्यावर सुमारे ३ न्यूटन-मीटर आघूर्ण येते. हे अंतर १० सेंटिमीटर झाले की आघूर्ण २ वर येते. तासाभराच्या पहाऱ्यात हा फरक लहान नाही.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. असे कसब जवळ असताना उथळ भोपळ्याची, हलक्या दांडीची, पट्ट्याला दोन ठिकाणी आधार असलेली वीणा घडवणे अवघड नाही. परंपरेला यात बाधा येत नाही. वीणा खाली ठेवायची नाही हा नेम आहे. ती जड असावी असा नाही.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग करून पाहावा. भरलेले दप्तर मुलांना आधी छातीशी आणि मग हात लांब करून धरायला सांगावे. वजन तेच, पण हात लवकर भरून येतात. आघूर्णाची व्याख्या त्यानंतर लिहून द्यावी.