नायकाची नोकरी जाते तेव्हा

लांबलचक अंतराळयुद्ध मालिकेत नायक मेला तर मी फारसा घाबरत नाही. पुढच्या भागात तो उठतोच. लोइस मॅकमास्टर बुजोल्डच्या व्होरकोसिगन मालिकेत तर हे अक्षरशः घडतं. 'मिरर डान्स'मध्ये (१९९४) माइल्स मरतो, गोठवला जातो आणि परत जिवंत होतो. त्यानंतरच्या 'मेमरी'त (१९९६) बुजोल्ड याहून मोठा धोका पत्करते. ती माइल्सची नोकरी घालवते.

माइल्स बारायार ग्रहावरच्या सरदार घराण्यातला. जन्माआधी झालेल्या विषप्रयोगामुळे ठेंगणा, ठिसूळ हाडांचा. १७व्या वर्षी थापा मारत मारत तो भाडोत्री सैनिकांचा ताफा जमवतो आणि 'अ‍ॅडमिरल नेस्मिथ' बनतो. आपण ही मालिका वाचतो ती या नेस्मिथसाठी.

'मेमरी'च्या सुरुवातीलाच माइल्सला ऐन मोहिमेत फिट येते. हातातलं शस्त्र चालूच राहतं आणि ज्याला सोडवायला गेला, त्याचेच पाय कापले जातात. अहवालात माइल्स फिटचा उल्लेख गाळतो. खोटं उघडं पडतं आणि गुप्तचर खात्याचा प्रमुख इलियन त्याला काढून टाकतो.

मला हा भाग सगळ्यात धाडसी वाटतो तो इथेच. थाप मारून निसटणं ही माइल्सची कला, आणि इतके भाग आपण तिलाच टाळ्या वाजवल्या. इथे बुजोल्ड त्या टाळ्यांचा हिशेब मागते. खोटं शत्रूशी बोललं तर युक्ती. आपल्यावर विश्वास टाकणाऱ्याशी बोललं तर?

पुढे लढाई जवळजवळ नाही. इलियनच्या डोक्यातली स्मृतिचिप बिघडते आणि कथा तपासाकडे वळते. गुन्हेगार बराच आधी ओळखू येतो, आणि शेवटी माइल्सला मिळणारं बादशाही पद ही जरा जास्तच घसघशीत भरपाई आहे. पण त्याआधी एक प्रसंग येतो. जुनी नोकरी, ताफा, सगळं परत मिळणार असतं. फक्त एका निरपराध मित्राच्या अटकेकडे डोळेझाक करायची. माइल्स नाही म्हणतो. या नकारात मला कुठल्याही अवकाशयुद्धापेक्षा जास्त धाकधूक वाटली, कारण नेस्मिथ परत यावा असं मलाही वाटत होतं.

मात्र सुरुवात इथून करू नका. आधी 'द वॉरियर्स अ‍ॅप्रेंटिस' (१९८६) वाचा. नेस्मिथवर जीव जडल्याशिवाय त्याचं जाणं लागणार नाही.