चाके बाहेरच, पाती मात्र वळणारी

विमानांच्या प्रगतीची चित्रमाला वर्गात दाखवताना एक क्रम ठरलेला असतो. आधी तारांनी बांधलेली, चाके लोंबणारी विमाने. शेवटी चाके पोटात घेऊन जाणारी गुळगुळीत विमाने. मुले यातून निष्कर्ष काढतात की उघडी चाके म्हणजे मागासलेपण. मोठ्या विमानांपुरते ते खरे आहे. लहान विमानांना मात्र ही फूटपट्टी लागू पडत नाही.

सेस्ना १८२ हे अमेरिकी चार आसनी विमान घेऊ. ते १९५६ साली आले. चाके कायम बाहेर, पण प्रॉपेलर 'स्थिर-गती' जातीचा. एक अंग जुनाट, दुसरे आधुनिक, अशी ही जोडी वरवर विसंगत दिसते. १९७८ मध्ये कंपनीने याचीच चाके आत घेणारी आवृत्ती काढली. इंजिनाची शक्ती जवळजवळ तेवढीच. वेग मात्र ताशी सुमारे २६० कि.मी.वरून २८५ च्या आसपास गेला. हा फायदा खराच आहे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. वेग १० टक्के वाढवायचा तर १.१ × १.१ × १.१, म्हणजे सुमारे १.३३ पट शक्ती हवी. ती येथे मोठे इंजिन न बसवता मिळाली.

पण हेच गणित उलटे वाचा. रोध एक चतुर्थांशाने घटवला तरी वेग वाढतो जेमतेम १० टक्के. ५०० कि.मी.च्या प्रवासात वाचतात सुमारे दहा मिनिटे. त्यासाठी पंप, तेलाच्या नळ्या, खिट्ट्या, दिवे, इशाऱ्याचा भोंगा, या साऱ्याचे वजन आणि तपासणीचा खर्च. शिवाय माणूस चाके उघडायला विसरतो. भोंगा वाजत असतानाही विमाने पोटावर उतरली आहेत. सेस्नाने १९८६ मध्ये या वर्गातील विमानांचे उत्पादन थांबवले व १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते पुन्हा सुरू केले. तेव्हा १८२ परत आले; त्याचे चाके आवरणारे भावंड आले नाही.

मग प्रॉपेलरवर खर्च का करायचा? आधी नावाविषयी. या नावाने बराच घोटाळा केला आहे. स्थिर राहते ती विमानाची गती नव्हे, तर प्रॉपेलरचे मिनिटाला होणारे फेरे. प्रॉपेलरचे पाते म्हणजे फिरणारा छोटा पंखच. विमान धावपट्टीवर जवळजवळ उभे असताना पाते फार तिरपे असेल, तर इंजिनावर भार पडतो, फेरे कमी होतात आणि पूर्ण शक्ती मिळतच नाही. वेगाने उडताना ते फारच सपाट असेल, तर हवेत त्याची पकड राहत नाही व इंजिन अकारण पळू लागते. कायम कोनाच्या पात्याला यांत कुठेतरी तडजोड करावी लागते. स्थिर-गती प्रॉपेलरमध्ये वॅटच्या वाफेच्या इंजिनावर होता तसा फिरत्या वजनांचा नियंत्रक असतो. फेरे वाढले की वजने बाहेर फाकतात, तेलाची झडप सरकते, पात्यांचा कोन वाढतो आणि फेरे पुन्हा ठरल्या आकड्यावर येतात.

याला मोटारीच्या गिअरची उपमा दिली जाते. मला ती अपुरी वाटते. गिअरमध्ये दात्यांचे गुणोत्तर पायरीपायरीने बदलते. येथे इंजिन व प्रॉपेलर यांच्या फेऱ्यांचे गुणोत्तर तेच राहते, बदलतो तो दर फेऱ्याला घेतलेला हवेचा घास. बादलीभर पाण्यात तळहात आधी सपाट व मग तिरपा ठेवून फिरवायला मुलांना सांगा. भार कसा वाढतो ते मनगटालाच कळते.

खरा फरक पुढे आहे. आत घेतलेली चाके मोबदला देतात ती फक्त वेगाने उडताना. प्रॉपेलर मोबदला देतो तो सर्वात कमी वेगाला, म्हणजे उन्हाळ्याच्या दुपारी हवा विरळ असते, विमान भरलेले असते आणि धावपट्टी संपत आलेली असते तेव्हा; वर समतल उड्डाणातही देतो. चूक झाली तर तिची किंमतही वेगळी. उतरताना प्रॉपेलरचा दांडा पुढे सारायचा राहिला तर बहुधा काही बिघडत नाही. मात्र पुन्हा वर जावे लागले तर पूर्ण शक्ती मिळत नाही. चाकांच्या बाबतीत विसरभोळेपणाला अशी सूट नाही.

बंगलोरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने १९९३ मध्ये उडवलेल्या 'हंसा' या दोन आसनी प्रशिक्षण विमानाच्या पुढच्या हंसा-३ या रूपातही हीच जोडी आहे. शिकाऊ वैमानिकाच्या हाती आणखी एक दांडा कशाला, असा आक्षेप घेता येईल, आणि तो अगदीच पोकळ नाही. पण इंजिन लहान असले की त्याची सगळी शक्ती उड्डाणाच्या क्षणी कामी आणणे जास्त गरजेचे होते, म्हणून मला ही निवड पटते.

बाहेरच्या चाकांचा रोध दरवेळी शत्रूच असतो असेही नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, ते 'पस मॉथ' विमानातून. त्याची चाके अर्थातच बाहेर होती. चाकांच्या पायांवरची निमुळती आवरणे वैमानिकाला काटकोनात वळवता येत. ती आडवी झाली की हवा अडे आणि उतरताना तोच ब्रेक होई.