दूरध्वनी-संहितेतील रंगयोजना : एक परीक्षण

दूरध्वनीवरून सल्ला देणाऱ्या केंद्रांत बोलणाऱ्यापुढे संगणकाच्या पडद्यावर एक संहिता मांडलेली असते. ही संहिता रंग, चौकटी व अक्षरवळणे यांनी सजविण्याची पद्धत रूढ झाली आहे. ही सजावट शोभेपुरती आहे की अर्थासाठी, हा तिच्या परीक्षणातील मूळ प्रश्न होय.

संहितेतील रंग ही काही नवी गोष्ट नव्हे. ऋग्वेदाच्या अनेक हस्तलिखितांत स्वरचिन्हे तांबड्या शाईने दिलेली आढळतात. रोमन कॅथलिक उपासनाग्रंथांत उच्चारावयाचे शब्द काळ्या शाईत आणि कृतीच्या सूचना तांबड्या शाईत छापण्याचा परिपाठ आहे. दोहोंतही रंग वाचणाऱ्याला मार्गदर्शन करतो.

इंग्रजी संहितेत हे काम कॅपिटल आणि तिरप्या अक्षरांकडूनही करून घेता येते. देवनागरीत कॅपिटल अक्षरे नाहीत व तिरपे वळण तिला परकेच आहे. साहजिकच मराठी संहितेत बराचसा भार रंगावर पडतो. परंतु काहींना तांबड्या व हिरव्या रंगांतील भेद जाणवत नाही. म्हणूनच वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या २००८ च्या निकषांत केवळ रंगाने अर्थ सुचवू नये, असे सांगितले आहे.

मराठीची खरी अडचण मात्र व्याकरणाची आहे. इंग्रजी धाटणीच्या संहितेत पिकाचे नाव रंगीत चौकटीत भरले जाते व भोवतालचे वाक्य स्थिर राहते. ‘सोयाबीनवर’ येथे हे साधते. पण ‘कापूस’ भरताच ‘कापूसवर’ असे अपरूप तयार होते. मराठीला ‘कापसावर’, ‘तुरीवर’, ‘हरभऱ्यावर’ अशी सामान्यरूपे हवीत. ‘नाचणगावला’ चालते, ‘वर्धाला’ मात्र चालत नाही. बोलणारी स्त्री असल्यास ‘तपासते’ आणि पुरुष असल्यास ‘तपासतो’ असा भेदही करावा लागतो. शब्द जेथे घडवावयाचा असतो, तेथेच ठळक चौकट तो आहे तसा वाचावयास सांगते.

हा केवळ शुद्धलेखनाचा वाद नव्हे. केंद्र सरकारची किसान कॉल सेंटर योजना २००४ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून शेतकऱ्याला दूरध्वनीवरून स्वभाषेत सल्ला मागता येतो. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. नाचणगावच्या कापूस-उत्पादकाने बोंडअळीविषयी विचारले असता औषधाचे प्रमाण आणि तोंड झाकण्याची सूचना त्याला स्पष्ट ऐकू आली पाहिजे. सर्वच ओळी भडक रंगविल्या, तर बोलणाऱ्याची नजर त्या सूचनेवर ठरणार नाही.

तेव्हा मराठी संहितेत तीन भेद पुरेत : शब्दशः म्हणावयाचे, केवळ करावयाचे आणि रूप बदलून म्हणावयाचे. प्रत्येकाला रंगाबरोबर एखादे चिन्हही असावे. ऐकणाऱ्याला रंग दिसत नाही, त्याच्यापर्यंत फक्त वाक्य पोहोचते. रंगयोजनेची परीक्षा त्या वाक्यावरूनच व्हावयास हवी.