स्वाक्षरी, पहिली आवृत्ती आणि संत लायबोविट्झ

इंग्रजी विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांच्या वाचकांत एक निराळा पंथच आहे. या पंथाच्या अनुयायांना नुसते पुस्तक पुरत नाही. त्यांना त्याची पहिली आवृत्ती हवी असते, तीही मूळ वेष्टनासह आणि शक्य झाल्यास लेखकाच्या स्वाक्षरीची. त्यांतही जे अधिक पुढे गेले आहेत, ते पहिल्या आवृत्तीच्याही आधीची प्रत शोधतात. प्रकाशनापूर्वी समीक्षकांकडे आणि पुस्तकविक्रेत्यांकडे धाडलेली, साध्या कागदी वेष्टनातली, मुद्रणदोष जसेच्या तसे राहिलेली ती प्रूफप्रत. अशा प्रतीवर बहुधा 'विक्रीसाठी नाही' असे छापलेले असते, आणि नेमकी तीच प्रत पुढे छापील आवृत्तीच्या किमतीला लाजवील अशा भावाने विकली जाते.

'हॅरी पॉटर' मालिकेतील पहिले पुस्तक लंडनच्या ब्लूम्सबरी प्रकाशनाने १९९७ साली काढले, तेव्हा कापडी बांधणीच्या ५०० प्रतीच छापल्या होत्या आणि त्यांतील बऱ्याच वाचनालयांकडे गेल्या. त्याआधीच्या प्रूफप्रतीच्या आतल्या पानावर लेखिकेचे नावच चुकलेले आहे, 'जे. के.' ऐवजी 'जे. ए. रोलिंग' असे ते छापले गेले. ही चूक आज त्या प्रतीची शोभा मानली जाते. पहिल्या आवृत्तीची एक उत्तम स्थितीतील प्रत २०२१ साली अमेरिकेतील लिलावात ४,७१,००० डॉलरला गेली.

हा धनिकांचा छंद आहे, आपणांस त्याचे काय, असे म्हणून विषय संपवणे सोपे आहे. मला तसे करता येत नाही. कारण या साहित्यप्रकारातील एक श्रेष्ठ कादंबरी नेमकी याच वृत्तीविषयी, कागद जपण्याच्या वेडाविषयी आहे, आणि तिचे कथानक मुख्यतः एका कॅथलिक मठात घडते. तिच्याकडे वळण्यापूर्वी संग्राहकांची बाजू न्यायाने मांडली पाहिजे.

पहिल्या आवृत्तीला साहित्यदृष्ट्या खरोखरच काही मोल असते काय? जे. आर. आर. टॉल्किन यांच्या 'द हॉबिट'पुरते तरी याचे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. हे पुस्तक २१ सप्टेंबर १९३७ रोजी निघाले. पहिल्या आवृत्तीच्या १,५०० प्रती होत्या आणि त्या डिसेंबरपर्यंत संपल्या. आज घरोघरी जे 'हॉबिट' वाचले जाते, ते मात्र हे पुस्तक नव्हे. अंधाऱ्या गुहेत बिल्बो आणि गॉलम यांच्यात कोड्यांचा सामना होतो, ते प्रकरण मूळ आवृत्तीत वेगळे होते. तेथे गॉलम आपली अंगठी पणाला लावतो, हरतो, अंगठी सापडत नाही म्हणून काकुळतीने क्षमा मागतो आणि पाहुण्याला बाहेरची वाट दाखवतो. पुढे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिताना त्याच अंगठीला भयंकर अर्थ प्राप्त झाला. तिला स्वखुशीने पणाला लावणारा गॉलम आता शक्यच नव्हता. टॉल्किन यांनी १९४७ साली त्या प्रकरणाचा नवा नमुना प्रकाशकाकडे पाठवला, आणि पुढे नव्या आवृत्तीची प्रुफे हाती आली तेव्हा तो नमुना परस्पर पुस्तकात समाविष्ट झालेला पाहून ते स्वतःच चकित झाले. सुधारलेली आवृत्ती १९५१ साली प्रसिद्ध झाली.

यापुढे त्यांनी जे केले ते कोणत्याही संपादकाला सुचले नसते. जुना पाठ त्यांनी पुसून टाकला नाही. त्यांनी तो कथेतच सामावून घेतला. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये आपणांस कळते की बिल्बोने प्रारंभी मित्रांना ही हकिकत खोटी सांगितली होती, अंगठी आपल्याला न्यायाने मिळाली असे दाखवण्यासाठी. म्हणजे १९३७ ची आवृत्ती हे बिल्बोचे असत्य कथन, आणि १९५१ ची आवृत्ती हा जणू त्याचा कबुलीजबाब! अंगठीचा विषार बिल्बोच्या मनात प्रथम कोठे शिरला हे पाहावयाचे असेल, तर ते पहिल्या आवृत्तीवाचून पुरते कळत नाही. ज्या संग्राहकाने ती प्रत जपली, त्याने केवळ जुना कागद जपला नाही, कथेचा एक साक्षीदार जपला.

प्रुफांची योग्यताही याच जातीची आहे. लेखकाचे मन कोठे अडखळले, कोणता शब्द त्याने शेवटच्या घटकेस बदलला, हे प्रुफांच्या समासात दिसते. अमेरिकेतील मिलवॉकी येथील मार्केट विद्यापीठ येशूसंघीय धर्मगुरूंचे. त्याच्या ग्रंथपालाने १९५७ साली, टॉल्किन यांची आजची कीर्ती कोणाच्या स्वप्नातही नसताना, त्यांची हस्तलिखिते आणि प्रुफे १,५०० पौंडांना विकत घेण्याचा व्यवहार केला. आज त्या कादंबऱ्यांचा पाठ कसा घडला याचा अभ्यास करणाऱ्याला मिलवॉकीची वाट धरावीच लागते. संग्रह करावा तर असा, असे मला वाटते. तेथे वस्तू आहे, तिची सूची आहे आणि वाचणाऱ्यासाठी दार उघडे आहे.

स्वाक्षरीची गोष्ट मात्र वेगळी. स्वाक्षरीने पाठात एका अक्षराचीही भर पडत नाही. टॉल्किन यांनी लीड्स येथील आपल्या एका जुन्या विद्यार्थिनीला 'हॉबिट'ची प्रत भेट दिली होती आणि तीत प्राचीन इंग्रजीत काही ओळी स्वहस्ते लिहिल्या होत्या. ती प्रत २०१५ साली लंडनच्या लिलावात १,३७,००० पौंडांना गेली. येथे किमान एक नाते आहे, गुरूने शिष्येला दिलेली भेट आहे. परंतु अलीकडच्या रीतीत कोरी पाने गठ्ठ्याने लेखकाकडे जातात, तो शेकड्यांनी सह्या करतो, आणि ती पाने नंतर पुस्तकात शिवली वा चिकटवली जातात. लेखकाच्या हाताने त्या पुस्तकाला स्पर्शही केलेला नसतो. या व्यवहारात नाते कोणाचे कोणाशी?

रे ब्रॅडबरी यांच्या 'फॅरनहाइट ४५१'चे उदाहरण तर उपरोधाचा कळस आहे. ज्या राज्यात अग्निशामक दल आग विझवत नाही, पुस्तके जाळते, त्या राज्याची ही कथा. १९५३ साली प्रकाशकाने तिच्या सुमारे २०० स्वाक्षरीयुक्त, क्रमांकित प्रती ॲस्बेस्टॉसच्या आवरणात बांधून काढल्या, म्हणजे या पुस्तकाला तरी आग लागू नये! कल्पना चतुर होती यात शंका नाही. मात्र कादंबरीत पुस्तके वाचवणारी माणसे ती पाठ करतात. प्रत्येक जण एक ग्रंथ होऊन अरण्यात हिंडतो. तेथे ॲस्बेस्टॉसची गरज कोणाला भासत नाही. त्या २०० प्रतींपैकी किती उघडून वाचल्या गेल्या असतील, हा प्रश्न मला वारंवार सतावतो.

आपल्या मराठीत याच्या अगदी उलट घडलेली एक घटना सांगण्याचा मोह आवरत नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. वास्तविक ती जयंत विष्णु नारळीकर यांची होती. नावाचा दबाव परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरे उलटी करून टोपणनाव घेतले, आणि हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहवून घेतली. हाताची अक्षरे दुसऱ्याची, खालचे नाव खोटे, आणि तरीही, किंवा त्यामुळेच, कथेचा न्याय कथा म्हणून झाला. लिलावातल्या दलालाला अशा हस्तलिखिताचे काय करावे हे कळणार नाही.

आता त्या कादंबरीकडे. वॉल्टर मिलर हे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन बॉम्बफेकी विमानांवर होते. १९४४ च्या फेब्रुवारीत संत बेनेडिक्ट यांचा माँते कासिनो येथील मठ बॉम्बवर्षावात उद्ध्वस्त झाला, त्या कामगिरीत त्यांचाही भाग होता. १९४७ साली त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. १९५५ ते १९५७ या काळात त्यांनी एका विज्ञानकथा मासिकात तीन दीर्घकथा लिहिल्या, त्यांवर पुन्हा संस्कार केले, आणि त्यांतून 'अ कॅन्टिकल फॉर लायबोविट्झ' ही कादंबरी सिद्ध झाली. १९६१ साली तिला ह्यूगो पुरस्कार लाभला. १९९६ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी दुसरी कादंबरी प्रसिद्ध केली नाही.

अणुयुद्धाने जग बेचिराख झाले आहे. उरलेल्या जनतेने विद्येलाच दोषी ठरवून विद्वान मारले, ग्रंथ जाळले. आयझॅक लायबोविट्झ हा एक अभियंता धर्मगुरू होतो, ग्रंथ लपवण्यासाठी मठसंघ स्थापतो आणि हुतात्मा होतो. सहाशे वर्षांनी त्या संघाचा एक भाबडा नवशिका, ब्रदर फ्रान्सिस, उपासकाळाच्या व्रतात वाळवंटात बसला असता त्याला भूमिगत आश्रयस्थान सापडते. आतल्या पेटीत एक चिठ्ठी आहे, तीत बाजारातून आणावयाच्या खाद्यपदार्थांची यादी. आणि एक निळा आराखडा, त्यावर लायबोविट्झ यांचे नाव. यादीसमोर फ्रान्सिस गुडघे टेकतो. वाचक हसतो, आणि मिलर यांना ते हसू हवेच आहे. मठाधिपती मात्र घाबरतात. लायबोविट्झ यांना संतपद देण्याची प्रक्रिया चालू असताना अवशेष इतक्या सोयीने सापडले तर रोमला संशय येईल, म्हणून ते फ्रान्सिसला सात वर्षे व्रतबंधापासून दूर ठेवतात. अस्सल आणि नकली यांची जी छाननी लिलावगृहे आज करतात, ती मठाने त्यांच्याहून कठोरपणे केली.

पवित्र अवशेष विकण्यास आपल्या ख्रिस्तसभेची सक्त मनाई आहे. १९८३ सालच्या धर्मविधिसंहितेतील ११९० वे कलम ते स्पष्ट शब्दांत सांगते. सह्यांच्या बाजाराला अवशेषभक्ती म्हणणाऱ्यांनी हा भेद लक्षात घेतलेला दिसत नाही. भक्त अवशेषापुढे नमतो. त्याचा भाव उतरला म्हणून तो हळहळत नाही.

तरीही मिलर यांच्या कादंबरीने माझ्या मनातील कठोरपणा बराचसा सैल केला, हे नमूद केले पाहिजे. फ्रान्सिसला तो आराखडा कशाचा, हे कळत नाही. मठात कोणालाच कळत नाही. तरी तो पंधरा वर्षे खपून त्याची सोनेरी वेलबुट्टीने नटलेली प्रत कोकराच्या कातड्यावर उतरवतो. नव्या रोमच्या वाटेवर लुटारू त्याला गाठतो. त्याला वाटते, नटलेली प्रत हीच मूळ आणि मोलाची. तो ती घेऊन जातो आणि जुनाट आराखडा फ्रान्सिसच्या हाती राहतो. पोप महोदय पुढे त्या दुःखी मठवासीयाला समजावतात की ती पंधरा वर्षे वाया गेली नाहीत. त्या प्रतीमुळेच मूळ वाचले. हा प्रसंग मी जितक्या वेळा वाचला, तितक्या वेळा तो लुटारू मला ओळखीचा वाटला. देखणे वेष्टन आणि झगमगीत आवरण पाहून किंमत ठरवणारा तो पहिला ग्राहक नव्हे.

न समजता जपणे हेही जपणेच असते, हे मिलर यांचे म्हणणे मला मान्य करावे लागते. मठवासीयांनी शतकानुशतके जे वाचता येत नव्हते ते उतरवून ठेवले, म्हणून दुसऱ्या भागात एक विद्वान तेथे येऊन ते वाचू शकला. त्या न्यायाने काचेच्या कपाटात पुस्तक बंद करणारा संग्राहकही उद्याच्या एखाद्या अभ्यासकाचा अजाण सेवक ठरू शकेल. माझी अडचण एवढीच, की फ्रान्सिसने न जन्मलेल्या वाचकासाठी जपले. कपाटवाला बहुधा पुढच्या लिलावासाठी जपतो, आणि पुस्तक एका कपाटातून दुसऱ्या कपाटात जात राहते.

'हॉबिट'च्या पहिल्या आवृत्तीच्या वेष्टनावर मागील घडीत एक मुद्रणदोष आहे. लुईस कॅरल यांचे खरे नाव डॉजसन. त्यात एक अक्षर जास्तीचे पडले. प्रकाशकाच्या माणसांनी बहुतेक प्रतींवर ते अक्षर हाताने, शाईने खोडले. संग्राहक ही खूण भिंगाखाली तपासतात, कारण तिच्यावरून किंमत ठरते. मला मात्र लेखकाच्या सहीपेक्षा त्या अनाम हाताची रेघ अधिक भावते. शेकडो प्रती उघडून कोणा कारकुनाने एकेक अक्षर खोडले असेल, आणि संध्याकाळी बोटे शाईने माखून तो घरी गेला असेल.

अशाच अनाम हातांचे ऋण आपल्या साहित्यावरही आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. १६४९ आणि १६५४ साली ते पुन्हा निघाले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांत. भाविकांनी तो पुन्हा पुन्हा उतरवून काढला, आणि अशा हस्तलिखितांच्या आधारेच १९०७ साली मंगळूर येथे त्याची छापील आवृत्ती पुन्हा निघू शकली.