हलक्या रायफलीचें वाङ्मय

आमचा एक जुना विद्यार्थी अमेरिकेच्या वायव्येकडील डोंगराळ मुलखांत नोकरीनिमित्त स्थायिक झाला आहे. गेल्या दिवाळींत त्यानें आम्हांस एक पुस्तक पाठविलें. सोबतच्या पत्रांत त्यानें लिहिलें होतें, ‘सर, डोंगरांत नेण्यासाठीं मी एक हलकी रायफल सुटे भाग निवडून जुळवून घेत आहे. त्या निमित्तानें हें पुस्तक वाचलें. गद्याची परीक्षा कशी करावी हें आपण आम्हांस शिकविलेंत. या गद्याची परीक्षा करून कळवाल काय?’ ही विनंती वाचून आम्हांस प्रथम हसूं आलें. बंदूक म्हणून जी काय आम्हीं हातीं धरली ती कॉलेजांतील एन.सी.सी.च्या कवाइतींतली, तीहि खांद्यावरून उतरली तेव्हां आम्हांस हायसें वाटलें होतें. परंतु पुस्तक उघडलें आणि हसूं ओसरलें.

आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीचें युग संपविलें, आणि तें संपलें याचें आम्हांस मुळींच दुःख नाहीं. अमेरिकेंत मात्र परवाना काढून, ठराविक ऋतूंत, ठराविक संख्येंत शिकार करण्याची रीत आजहि चालू आहे. ती रीत बरी कीं वाईट हा वाद येथें उकरून काढण्याचा आमचा हेतु नाहीं. जनावर मारण्याचें साधन निवडतांना माणूस कोणत्या कसोट्या लावतो, आणि त्या कसोट्या तो कोणत्या भाषेंत मांडतो, एवढाच प्रश्न आम्हीं या परीक्षणापुरता घेतला आहे. तो वाटतो तितका क्षुल्लक नाहीं.

पुस्तकाचे कर्ते जॅक ओकॉनर (१९०२–१९७८) हे आमचेच व्यवसायबंधु निघाले. ॲरिझोना विद्यापीठांत ते वृत्तपत्रविद्येचे पहिले प्राध्यापक होते. १९३० व १९३८ सालीं त्यांच्या दोन कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या होत्या. १९४५ सालीं त्यांनीं अध्यापन सोडलें आणि ‘आउटडोअर लाइफ’ या मासिकांतील बंदुकविषयक लेखनासच वाहून घेतलें. विद्यार्थ्यानें पाठविलेलें ‘द हंटिंग रायफल’ हें १९७० चें पुस्तक त्यांच्या उत्तरवयांतलें आहे. शिकविण्याची संवय त्यांच्या गद्यांत पदोपदीं दिसते. वाक्य साधें, स्वर गप्पांचा, मधूनच स्वतःवर केलेला विनोद. आणि पारिभाषिक शब्द आला कीं त्याच्या मागोमाग एखादा डोंगर, एखादा मेंढा, एखादी थंडीची सकाळ हजर. शास्त्रीय विषय रंजक करण्यासाठीं अलंकार वापरावे लागतात असें मानणाऱ्या आपल्याकडील लेखकांनीं हें गद्य अवश्य पाहावें.

आतां मूळ विषय. डोंगरांतला शिकारी दिवसभर चढतो आणि गोळी झाडण्याचा प्रसंग त्यास कदाचित् एकदांच येतो, कदाचित् येतहि नाहीं. म्हणून रायफल ही मुख्यतः वाहून नेण्याची वस्तु आहे, आणि तिचें वजन कमी करावें हा विचार ओघानेंच येतो. तें कमी करावयाचें कोठें? रायफलीचे प्रमुख भाग मोजकेच: काडतूस जींत बसतें व जीमध्यें बोल्ट मागेंपुढें सरकतो ती पोलादी पेटी, जिला ॲक्शन म्हणतात, नळी, दस्ता, चाप, आणि वर बसविलेली दुर्बीण. यांपैकीं प्रत्येकांतून कांहीं वजन काढतां येतें. विंचेस्टर कंपनीनें १९५२ सालीं आपल्या ‘मॉडेल ७०’ रायफलीची ‘फेदरवेट’ नांवाची हलकी आवृत्ति काढली. तींत नळी बारीक केली आणि चापाच्या कड्यासारखे कांहीं भाग पोलादाऐवजीं ॲल्युमिनियमचे घातले. पुढें १९८५ च्या सुमारास वेस्ट व्हर्जिनियांतील मेल्व्हिन फोर्ब्स या कारागिरानें ॲक्शनच सुमारें २० औंसांची घडविली, दस्ता कृत्रिम तंतूंचा केवळ पाऊण-एक पौंडाचा केला, आणि दुर्बिणीवांचून सारी रायफल ५ पौंडांच्या आंत आणून दाखविली.

येथपर्यंत हिशेब सरळ आहे. परंतु काढलेलें प्रत्येक औंस कोठेंतरी आपली किंमत मागतें, आणि उत्तम लेखक कोणता व नुसता तराजू घेऊन बसलेला लेखक कोणता हें या ठिकाणीं ओळखूं येतें. काडतूस तेंच ठेवून रायफल ८ पौंडांवरून ६ पौंडांवर आणली, तर खांद्यावर येणाऱ्या धक्क्याची शक्ति एकतृतीयांशानें वाढते. हें पदार्थविज्ञानाचें साधें गणित आहे. धक्क्याची धास्ती बसलेला माणूस चाप ओढतांना डोळे मिटतो. नळी बारीक केली तर ती लवकर तापते आणि पुढच्या गोळ्या इकडेतिकडे जाऊं लागतात. फार आंखूड केली तर गोळीचा वेग घटतो आणि आवाज कानठळ्या बसविणारा होतो. सारें वजन पुढूनच काढलें तर धापा टाकणाऱ्या माणसाच्या हातांत नळीचें तोंड वाऱ्यावरच्या वेळूसारखें हालतें. चाप कठीण ठेवला तर ओढण्याचें बळ रायफलीच्या वजनाच्या जवळपास जातें, आणि ती निशाणावरून ढळते.

ओकॉनर यांच्या लेखनाचा मोठा गुण असा कीं, या सर्व तोट्यांकडे ते शिकारी माणसाच्या व जनावराच्या नात्यांतून पाहतात. बारीक नळी तापते हें खरें. पण शिकाऱ्यास दहा गोळ्या झाडावयाच्या नसतात. थंड नळींतून निघालेली पहिली गोळी जर दर वेळीं एकाच जागीं जात असेल, तर त्याचें काम झालें. म्हणून २२ इंचांची सडपातळ नळी त्यांस पुरते. दुर्बीण चौपट मोठें दाखविणारी, लहान व ठेंगणी बसविलेली असली म्हणजे बस्स. मोठ्या कांचेची दुर्बीण चढवून नळींतून वांचविलेलें वजन परत डोक्यावर घेण्यांत शहाणपण कसलें? दस्त्याच्या बाबतींत मात्र हे गृहस्थ रसिक होते. अक्रोडाच्या लांकडावर त्यांचें प्रेम होतें, आणि अल बीसेन या कारागिरानें त्यांच्यासाठीं घडविलेल्या रायफली त्या प्रेमाच्या साक्षी आहेत. लांकूड दमट हवेंत फुगतें, नळीस दाबतें आणि निशाण सरकवितें. कृत्रिम तंतूंचा दस्ता हा दोष टाळतो. येथें सौंदर्यदृष्टि उपयुक्ततेवर मात करते, असा आक्षेप घेतां येईल. तो आम्हांस मान्य आहे. पण जी वस्तु आयुष्यभर हातांत बाळगावयाची ती हातांस व डोळ्यांस आवडावी, ही इच्छा आम्ही दोष म्हणून मोजणार नाहीं.

खरा दोष दुसरीकडे आहे. १९२५ सालीं निघालेल्या .२७० विंचेस्टर या काडतुसाचा पुरस्कार ओकॉनर यांनीं जन्मभर केला. त्याची १३० ग्रेनची, म्हणजे सुमारें साडेआठ ग्रॅमची, वेगवान गोळी योग्य जागीं बसली कीं मोठें जनावरहि पडतें, हें त्यांचें प्रतिपादन खोटें नाहीं. परंतु ‘योग्य जागीं बसली कीं’ या चार शब्दांवर सारा भार आहे, आणि तो भार वाचकाच्या लक्षांत यावा तितका येत नाहीं. स्वतः ओकॉनर कसलेले नेमबाज होते. वाचक तसा असेलच असें नाहीं. वकील आपल्या पक्षकाराविषयीं बोलूं लागला म्हणजे न्यायाधीश उठून जातो, तसा प्रकार या काडतुसाविषयीं लिहितांना त्यांच्या हातून अनेकदां होतो.

त्यांचे प्रतिपक्षी एल्मर कीथ (१८९९–१९८४) हे आयडाहोंतले गुराखी, वाटाडे व लेखक. त्यांचें म्हणणें नेमकें उलट: गोळी जाड व जड हवी. कीथ यांचें गद्य ओबडधोबड आहे. फुशारकी पुष्कळ, प्रतिपक्षास टोमणेहि पुष्कळ. वाङ्मयगुणांच्या कसोटीवर ओकॉनर यांच्या शेजारीं ते उभे राहूं शकत नाहींत. तथापि एक गोष्ट त्यांस दिसली होती, जी प्राध्यापकांस खोलींत बसून विसरतां येत होती. दाट झाडींत, उतरत्या उजेडांत, पाठमोऱ्या पळणाऱ्या एल्कवर, म्हणजे सांबरासारख्या मोठ्या हरणावर, घाईनें गोळी झाडली जाते. तें जखमी होऊन निसटतें. आणि कोठेंतरी झुडपांत दोन दिवसांनीं मरतें. शैली सरस असली म्हणून युक्तिवाद पुरा होत नाहीं, हें आम्हां साहित्याच्या शिक्षकांनीं येथें कबूल केलें पाहिजे.

मग हलकी रायफल त्याज्य ठरते काय? या प्रश्नाचें उत्तर आम्हांस एका तिसऱ्या पुस्तकांत सांपडलें, आणि तें आपल्या वाचकांच्या अधिक परिचयाचें आहे. जिम कॉर्बेट यांचें ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ १९४४ सालीं ऑक्सफर्डच्या मुंबई शाखेनें प्रसिद्ध केलें. चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ सालीं मारल्याबद्दल कॉर्बेट यांस संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरांनीं रिग्बी कंपनीची .२७५ ची हलकी रायफल भेट दिली होती. चौगडच्या वाघिणीच्या कथेंत, १९३० सालीं, कॉर्बेट एका घळींतून उतरत होते; उजव्या हातांत हलकी रायफल, डाव्या हातांत पक्ष्याचीं दोन अंडीं. एका खडकाला वळसा घालतांच मागें सुमारें आठ फुटांवर वाघीण बसलेली दिसली. त्यांनीं एकाच हातानें रायफल इतक्या सावकाश फिरविली कीं वाघीण हालली नाहीं, आणि गोळी झाडली. हातांतलीं अंडीं आणि हलकी रायफल या दोन्ही गोष्टी वाचकास अडचणी वाटतील, पण त्या आपल्या पथ्यावरच पडल्या, असें त्यांनीं स्वतः सांगितलें आहे. जड दुनळी असती तर ती एका हातानें फिरलीच नसती.

ही कथा हलक्या रायफलीची जाहिरात म्हणून वाचणें सोपें आहे, पण तसें वाचणें चुकीचें होईल. कॉर्बेट यांच्यापाशीं जड दुनळीहि होती आणि प्रसंग पाहून ते तीहि नेत. हलकी रायफल त्यांस तारूं शकली, कारण वाघाचा स्वभाव त्यांस अक्षरशः पाठ होता. आफ्रिकेंत बेल नांवाच्या स्कॉच शिकाऱ्यानें याच जातीच्या काडतुसानें शेंकडों हत्ती मारले. त्या हस्तिदंती कत्तलीचें कौतुक आम्हांस करवत नाहीं. पण हत्तीची कवटी उभी कापून मेंदू कोठें असतो याचा अभ्यास त्यानें आधीं केला होता, हें विसरून त्याचें नांव घेणें म्हणजे अर्धें सत्य सांगणें होय. खुद्द ओकॉनर यांची पत्नी एलिनॉर हिचें आवडतें काडतूसहि १८९२ च्या सुमारास जर्मनींत निघालेलें हेंच होतें. तें वेगाचा डौल मिरवीत नाहीं; धक्का सौम्य, म्हणून हात स्थिर. आपल्या घरांतच असलेला हा पुरावा ओकॉनर यांनीं .२७० च्या वकिलींत याहून अधिक वापरला असता, तर त्यांचा पक्ष उलट बळकट झाला असता असें आम्हांस वाटतें.

यावरून आमचें मत असें झालें आहे. रायफलींतून जितकें वजन काढावें तितकें ज्ञान व संयम माणसानें स्वतःमध्यें घालावा लागतो. हा हिशेब जो लेखक मांडीत नाहीं त्याचें औंसांचें गणित अपुरें आहे. सर्वांत हलका भाग म्हणजे गोळी, आणि जनावरापर्यंत पोंचणारा तोच एक भाग. जॉन नोस्लर यांच्या गोळ्या एका मूसच्या अंगावर आपटून फुटल्या व आंत शिरल्याच नाहींत, तेव्हां त्यांनीं मधें आडवी भिंत असलेली गोळी तयार करून १९४८ पासून विकावयास आणली. पुढचा भाग पसरतो, मागचा अखंड राहून खोल जातो. कीथ यांच्या आक्षेपाचें अर्धें उत्तर या भिंतींत आहे. उरलेलें अर्धें उत्तर कोणत्याहि दुकानांत मिळत नाहीं. तें गोळी न झाडतां परत येण्याच्या तयारींत आहे.

विद्यार्थ्यास आम्हीं उत्तर लिहिलें: पुस्तक उत्तम, गद्य अनुकरणीय, निर्णय मात्र पारखून घ्यावा. भाग निवडतांना प्रथम गोळी, मग तिचा धक्का आपणांस किती सोसतो तें, मग नळी, शेवटीं वजनाचा कांटा, असा क्रम ठेव. आणि या सर्वांच्याहि आधीं एका कागदावर लिहून काढ कीं, किती अंतरापलीकडे, कोणत्या उजेडांत व कोणत्या बाजूनें उभ्या असलेल्या जनावरावर आपण गोळी झाडणार नाहीं. त्याचें उत्तर आलें आहे. रायफल अजून अर्धवट आहे. कागद मात्र लिहून झाला, असें तो कळवितो.