खर्जाची तार

आमच्या गावाकडे एखादी गोष्ट मनाजोगती झाली की माणसे ‘बेस झालं’ म्हणतात. त्यामुळे माझ्या पुतणीने जेव्हा फोनवर सांगितले, “काका, मला बेस घ्यायचाय,” तेव्हा मी सवयीने म्हणालो, “बेस! पण घ्यायचंय काय?” पलीकडे बराच वेळ हसणे चालले होते.

मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कात माझा धाकटा भाऊ राहतो. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या नि स्वयंपाकघर. मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला. महाविद्यालयातल्या वाद्यवृंदात गिटार वाजवणारे चौघे नि बेस गिटार वाजवणारे कोणीच नाही, म्हणून ते काम हिच्याकडे आले. शिकवण्या घेऊन तिने पंचवीस हजार रुपये साठवले होते नि ते कसे खर्चावेत हे मला विचारत होती. मी संगीतावर लिहितो, तेव्हा मला ठाऊक असणारच, असा तिचा भाबडा समज.

त्या रात्री मी माझी जुनी कात्रणे काढून बसलो. तीस वर्षांच्या लिखाणात गायकाचा श्वास, व्हायोलिनांचा ताफा, तबल्याची लग्गी, सगळे होते. बेस गिटारवर मात्र एक ओळही सापडली नाही. पंचमदांच्या अर्थात राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांवर मी पानेच्या पाने लिहिली. पण त्यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ नावाचा बेसवादक होता, हे मी वाचकांना कधी सांगितले नाही. तबकडीवर गायकाचे, गीतकाराचे, संगीतकाराचे नाव असे. वादकांची नावे क्वचितच छापत. छापणाऱ्यांनी गाळली ती आम्ही समीक्षकांनीही गाळली. पुतणीला सल्ला देण्यापूर्वी मला तिच्याहून अधिक अभ्यास करावा लागला, तो या कारणाने.

वाद्य तसे साधे. चार तारा: ई, ए, डी, जी. साध्या गिटारच्या खालच्या चार तारांचेच हे स्वर, पण एक सप्तक खाली. लिओ फेंडर या अमेरिकन कारागिराने १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला, तेव्हापासून हे वाद्य खऱ्या अर्थाने रुळले. गळ्याला पडदे असल्याने स्वर नेमका लागतो, म्हणून ‘प्रिसिजन’. आपल्या माणसाला हे समजावून सांगायला तंबोऱ्याइतका चांगला दाखला नाही. तंबोऱ्याची चौथी तार खर्जाची. मैफलीनंतर तिची तारीफ करीत कोणी घरी जात नाही. पण ती उतरली की गायक तान सोडून खुंटीकडे हात नेतो. बेस गिटार ही वाद्यवृंदातली खर्जाची तार. फरक इतकाच की ती तालाशीही बांधलेली असते. एक पाय स्वरात नि दुसरा ठेक्यात.

आता या विषयावर मुलांना जो सल्ला मिळतो, त्याविषयी माझी तक्रार आहे. तो दुकानापासून सुरू होतो. कोणत्या लाकडाचा, किती तारांचा, कोणत्या नावाचा. संगीताचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये हॅम्बुर्गला हॉफनरचा बेस घेतला, तो स्वस्त म्हणून, आणि दोन्ही बाजू सारख्या असल्याने डावखुऱ्याच्या हाती वेडावाकडा दिसत नाही म्हणून. आपल्या मुंबईतलेच पाहा. रोलंड या जपानी कंपनीने १९८१ मध्ये बेसवादकाची जागा घेणारे एक छोटे यंत्र काढले, टीबी-३०३. बेससारखा आवाज त्यातून निघेना, नि ते फारसे खपलेही नाही. पण चरणजित सिंग या चित्रपटसंगीतातल्या मुंबईकर वादकाने १९८२ मध्ये ते साथीला घेऊन चक्क दहा राग वाजवले नि तबकडी काढली. तीही तेव्हा दुर्लक्षित राहिली. २०१० मध्ये ती नव्याने निघाली, तेव्हा जगभरचे जाणकार चकित झाले. यंत्र फसलेले होते, कान फसलेला नव्हता.

इतके सगळे कळूनही माझा पहिला सल्ला चुकलाच, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मी म्हणालो, “सगळे पैसे वाद्यात घाल.” तिने जवळजवळ तसेच केले. वाद्य देखणे आले. पण तारा पडद्यांपासून इतक्या उंच की आठवड्यात बोटांना फोड नि मनगटाला कळ. ती स्वतःलाच दोष देऊ लागली, “माझे हातच लहान आहेत.” एका जुन्या कारागिराने गळ्यातली सळई फिरवून बाक काढला, घोडी खाली घेतली, नि तोच बेस लोण्यासारखा वाजू लागला. म्हणून आज विचाराल तर मी सांगेन: पैशाचे तीन वाटे करा. मोठा वाटा वाद्याचा, दुसरा जुळवणीचा नि रुंद पट्ट्याचा, तिसरा कानांवर घालायच्या चांगल्या हेडफोनचा आणि तो जोडायच्या छोट्या यंत्राचा. वाद्य घेताना प्रत्येक पडद्यावर प्रत्येक तार वाजवून पाहा. कुठे खरखरते का ऐका. बाराव्या पडद्यावर तार दाबून निघणारा स्वर नि तिथेच नुसते बोट टेकवून निघणारा स्वर एकच आला पाहिजे. हात खरोखरच लहान असतील तर चौतीस इंचांऐवजी तीस इंची तारेचा बेस मिळतो. पाचवी तार पुढे केव्हाही घेता येते.

हेडफोनचा वाटा मी उगीच ठेवलेला नाही. सर्वांत खालच्या तारेची कंपने सेकंदाला सुमारे ४१. या स्वराची एक लहर आठ मीटरांहून लांब असते. असा स्वर भिंतीला जुमानत नाही. पुतणीने पहिल्या रविवारी मोठा स्पीकर जमिनीवर ठेवून वाजवला, नि खालच्या मजल्यावरचे आजोबा वर आले. रागावले नव्हते. “आमच्या कपाटातली भांडी बोलताहेत,” एवढेच म्हणाले. तेव्हापासून घरात हेडफोन, तोही बेताच्या आवाजात, कारण कान दुसरे मिळत नाहीत. आणि फोनच्या चिमुकल्या स्पीकरवर गाणे ऐकून बेस उतरवून घेऊ नये. तिथे मूळ खर्ज वाजतच नाही, वरच्या स्वरांवरून आपला मेंदू तो रचून घेतो.

राहिला प्रश्न अभ्यासाचा. भाऊ नि वहिनी धास्तावले होते. विरार लोकलच्या गर्दीत चार किलोचे वाद्य पोटाशी धरून जाणारी मुलगी परीक्षेला काय दिवे लावणार? मी त्यांना राहुल राम यांचे उदाहरण दिले. ‘इंडियन ओशन’ या दिल्लीच्या वाद्यवृंदाचे हे बेसवादक आणि गायक. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेले, नर्मदा आंदोलनातही राहिलेले. अर्थात बेस वाजवल्याने डॉक्टरेट मिळत नाही, हेही मी पुतणीला बजावले. रोज वीस मिनिटे, मेट्रोनोम लावून. परीक्षेच्या महिन्यात दहा. पण खंड नको. आणि वाद्यवृंद एकच. बेसवाले थोडे, त्यामुळे बोलावणी फार. नाही म्हणायला शिकणे हाही रियाझाचाच भाग.

गेल्या दिवाळीत त्यांच्या सोसायटीच्या आवारात पहाटेचा कार्यक्रम झाला. पुतणी मागच्या रांगेत उभी होती. खालचे आजोबा शाल पांघरून माझ्या शेजारी बसले होते. दुसऱ्या गाण्याच्या मध्यात काहीतरी बिनसले. गायिका गात होती, ढोलक चालू होता, पेटी चालू होती. तरी गाणे एकाएकी जमिनीवरून उचलल्यासारखे झाले. आजोबा माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “काय गेलं हो?”

मी पाहिले. पुतणी खाली वाकून वायर चाचपत होती. टोक सैल झाले होते. तिने ते घट्ट बसवले, सम येईपर्यंत थांबली आणि समेवर पुन्हा आली. आजोबांनी मान हलवली. तीस वर्षे संगीतावर लिहून मला जे ऐकू आले नव्हते, ते त्यांना भांड्यांच्या कपाटाने शिकवले होते.

घरी परतल्यावर फराळाच्या ताटाशी मी तिच्या हिशेबाच्या वहीत एक ओळ वाढवली. पंचवीस हजारांत मी दुसरी वायर धरलीच नव्हती.